बटन, बटन, बटन

सतरा वर्षं झाली, पुण्यात बसून मी लोकांना वेबसाइट वापरताना बघते. हाच माझा धंदा. समोरच्याला एखादं काम द्यायचं, ‘सोलापूरचं तिकीट काढा’, ‘विजेचं बिल भरा’, आणि तो कुठे अडतो ते टिपून घ्यायचं. त्यातली पहिली सहा वर्षं माझ्यासमोर डोळे, कान, हातपाय धडधाकट असलेलीच माणसं बसली. नियम माहीत नव्हते असं म्हणायची सोय नाही. अपंग माणसांनाही वेबसाइट वापरता यावी म्हणून केलेली ‘डब्ल्यूसीएजी’ ही जागतिक मार्गदर्शक तत्त्वं १९९९ साली आली, डिसेंबर २००८मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती निघाली, आणि तिची प्रिंटआउट माझ्या टेबलावरच होती. तिच्यावर चहाच्या कपाची वर्तुळं उमटलेली होती.

पुढे जे शिकले ते बहुतेक फजितीतून. त्याला क्रम नाही. आठवेल तसं लिहिते.

१. दिसतं तसं नसतं.

बसचं आरक्षण करायची एक वेबसाइट होती. त्यातलं सीट निवडायचं पान आमच्या डिझायनरचं लाडकं. बसचा नकाशा, रिकाम्या जागा हिरव्या, भरलेल्या करड्या, बायकांसाठी राखीव गुलाबी. चाचणीला एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर आले होते, जन्मापासून अंध. त्यांनी एनव्हीडीए सुरू केला. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यातला हा फुकट मिळणारा. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, कारण विकत मिळणारे स्क्रीन रीडर सामान्य माणसाच्या खिशाला परवडत नव्हते.

टॅबची कळ दाबत काका त्या नकाशात शिरले आणि खोलीत आवाज सुरू झाला. बटन. बटन. बटन. चाळीस सीट, चाळीस बटनं. विसाव्या-बाविसाव्याला ते थांबले आणि अगदी सरळपणे विचारलं, “ताई, यातली खिडकीची कुठली?”

मी पडद्याकडे बघत होते. मला चौदा नंबर, खिडकी, हिरवा रंग, सगळं दिसत होतं. पण आकडा चित्रात काढलेला होता, रंग सजावटीच्या कोडमध्ये होता आणि बटनाला नावच नव्हतं. ‘१४, खिडकी, रिकामी’ एवढं नाव प्रत्येक बटनाला द्यायला डेव्हलपरला अर्धा दिवस पुरला. तोपर्यंत काका म्हणून गेले होते, “मी आपला स्टँडवर जाऊन तिकीट काढतो. तिथला माणूस निदान बोलतो तरी.”

तेव्हापासून कुठलंही पान मी आधी ऐकते. मॉनिटर बंद, माउस ड्रॉवरमध्ये, हातात फक्त की-बोर्ड. पण त्यावर फार भिस्त ठेवत नाही. आपल्याच घरात डोळे मिटून फिरणाऱ्याला सोफा कुठे आहे ते माहीत असतं. मलाही पान कसं दिसतं ते माहीत असतंच.

२. मशीनने दिलेले शंभर गुण फ्रेम करून लावू नका.

लाइटहाउस, वेव्ह, ॲक्स अशी पान तपासणारी साधनं आहेत. जरूर वापरावीत. लेबल नसलेला रकाना, फिका रंग, वर्णन नसलेलं चित्र ती झटकन पकडतात. पण वर्णन आहे की नाही एवढंच त्यांना कळतं, ते शहाणपणाचं आहे का ते कळत नाही. एका संस्थेच्या वेबसाइटवर सव्वाशे फोटोंना ‘छायाचित्र’ असं एकच वर्णन होतं. मशीन खूष. ऐकणाऱ्याला मात्र छायाचित्र, छायाचित्र, छायाचित्र. तसंच ‘येथे क्लिक करा’चं. स्क्रीन रीडर वापरणारे पानावरच्या सगळ्या लिंकची यादी काढून त्यातून हवी ती निवडतात. अशा यादीत अकरा वेळा ‘येथे क्लिक करा’ आलं की कुठे क्लिक करायचं?

३. ‘मोठ्याने विचार करा’ असं त्यांना सांगू नका.

आमच्या धंद्यातला हा पहिला पाठ. माणसाने काम करता करता मनात येईल ते बोलत राहायचं, म्हणजे तो का अडखळला ते कळतं. डोळस माणसाला जमतं, कारण त्याचे डोळे पानावर असतात आणि तोंड मोकळं असतं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचे कान पानावर असतात. त्यात त्याने स्वतः बोलायचं, वर मी मध्येच ‘आत्ता काय वाटतंय?’ विचारायचं, म्हणजे वाचत बसलेल्या माणसाच्या पुस्तकावर हात ठेवण्यासारखं. मी पहिले कित्येक महिने हे केलं. एका मुलीने शेवटी हेडफोन काढून सांगितलं, “मॅडम, तुम्ही बोललात की माझं पान पुसलं जातं.”

आता पद्धत बदलली आहे. आधी गुपचूप काम करू द्यायचं. मग रेकॉर्डिंग लावून ‘इथे तुम्ही मागे गेलात, का?’ असं एकेक ठिकाणी विचारायचं. वेळ दुप्पट लागतो आणि क्लायंट कुरकुरतो. शिवाय मला ऐकायला दुसरा हेडफोन लागतो, म्हणून एका जॅकला दोन वायरी जोडणारी ती छोटी वस्तू माझ्या पिशवीत कायम असते. ती लावूनही सुरुवातीला काही कळत नाही, कारण सराईत माणसं आवाज इतक्या वेगात ठेवतात की माझ्या कानाला ती नुसती किरकिर वाटते. ‘थोडं हळू करा ना’ म्हणायचा मोह होतो. तो आवरायचा. वेग कमी केला की त्यांची लय बिघडते आणि मग आपण वेगळ्याच माणसाची चाचणी घेत असतो.

संगणकही त्यांचाच हवा, नाहीतर निदान त्यांचा आवाज, त्यांच्या सेटिंग. दुसऱ्याच्या चपला घालून कुणी नीट चालत नाही. जमेल तेव्हा मी त्यांच्या घरी जाते. तिथे तीन वर्षांपूर्वीचा, काचेला तडा गेलेला फोन असतो, बाजूला कुकरची शिट्टी होत असते आणि टॉकबॅक हा फोनमधला स्क्रीन रीडर त्या शिट्टीशी झगडत असतो. वेबसाइटची खरी परीक्षा अशा स्वयंपाकघरात होते.

४. मराठी पान मराठी आहे, हे त्याला सांगावं लागतं.

याबद्दल मी जरा जास्तच बोलते. घरचे कंटाळलेत.

प्रत्येक पानाच्या कोडमध्ये भाषा सांगणारी एक छोटी खूण असते. मराठीसाठी ‘एमआर’. आपल्याकडे इंग्रजी साचा उचलून त्यात मराठी मजकूर ओततात आणि खूण ‘ईएन’ तशीच राहते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी आली की सरळ गप्प बसतात. म्हणजे आपल्यासमोर भरगच्च पान आणि त्या माणसाच्या कानात शांतता. दुसरा प्रकार हिंदी आवाजाचा. तो देवनागरी वाचतो, पण हिंदी म्हणून. एका बाईंना परीक्षेची फी ‘उन्यासी’ ऐकू आली. पानावर ७९ होते. आयुष्यभर ‘एकोणऐंशी’ ऐकलेल्या माणसाला तिथे थबकायला होतंच. त्यांनी तीनदा ऐकलं आणि मग मुलाला हाक मारली.

याहून वाईट म्हणजे युनिकोड यायच्या आधीचे डीटीपी फाँट. कृतिदेवमध्ये ‘कमल’ टाइप केलं की डोळ्यांना कमल दिसतं, पण आत साठलेली अक्षरं असतात डी, ई, वाय. स्क्रीन रीडर आतलं वाचतो. परिपत्रकं, अर्जांचे नमुने, परीक्षेच्या जाहिराती अशा फाँटमध्ये करून पीडीएफ म्हणून चढवलेल्या आजही सापडतात. काही ठिकाणी तर कागद छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून चढवतात. तो तर नुसता फोटो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका अंध मुलाने मला अशी एक जाहिरात ऐकवली होती. एक अख्खं मिनिट इंग्रजी मुळाक्षरांची खिचडी. तो हसत होता. मला काही हसू आलं नाही.

आणि आपली लिपी उंच आहे. वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने दोन ओळींतलं अंतर ठेवलं आणि कुणी अक्षरं मोठी केली की वरचा शेंडा कापला जातो. एका फॉर्मवर ‘मुलांची नावे’ या शब्दांतला अनुस्वार असाच गेला आणि ‘मुलाची नावे’ झालं. कमी दिसणाऱ्या त्या आईने एकाच मुलाचं नाव भरलं. मुली राहिल्या.

५. ‘अपंगांसाठी’ म्हणताना मनात एकच माणूस असतो.

बहुतेकांच्या मनात काळा चष्मा आणि पांढरी काठी असते. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यानंतरच्या २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले.

कमी दिसणारी माणसं पान चौपट मोठं करून वापरतात. त्यांना एका वेळी पानाचा तळहाताएवढा तुकडा दिसतो. एक आजोबा डावीकडे खाली ‘पुढे’ हे बटन दाबत होते. सहा वेळा दाबलं. चूक दाखवणारा संदेश उजवीकडे वर, लाल रंगात, दर वेळी येत होता आणि जात होता. त्यांच्यासाठी ते बटन मेलेलं होतं. आणि ती फिक्या करड्या अक्षरांची फॅशन! साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा, असं डब्ल्यूसीएजी सांगतं. आमचे डिझायनर महागड्या मॉनिटरवर, एसीत बसून रंग ठरवतात. आजोबा ते रंग अंगणात, दुपारी दोनच्या उन्हात बघतात.

सेरेब्रल पाल्सी असलेला एक तरुण बँकेसारखा नमुना फॉर्म भरत होता. ओटीपीला साठ सेकंद. सहा आकडे टाइप करायला त्याला ऐंशी लागत. चौथ्या वेळी तो म्हणाला, “हे गणित सुटणार नाही.” साठाचे तीनशे करणं ही कोडमधली एक ओळ होती. ती बदलायला तीन बैठका झाल्या.

कर्णबधिरांना वेबसाइटची काय अडचण, सगळं लिहिलेलंच तर असतं, असं मलाही वाटायचं. मग एक कर्णबधिर मुलगी आली, सोबत भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषी. पहिली चूक माझी. मी पूर्ण वेळ दुभाषीबाईंकडे बघून बोलत होते, ‘तिला विचारा’, ‘ती काय म्हणते?’. दुसरी चूकही माझीच. मुलगी पडद्याकडे बघत असताना मी प्रश्न विचारले. तिला एक तर पडदा दिसणार किंवा दुभाषींचे हात. कानांच्या बाबतीत जे शिकले होते ते डोळ्यांना लागू आहे, हे कळायला मला तीन वर्षं लागली. मग ती फॉर्मच्या शेवटाला पोचली. तिथे लिहिलं होतं, ‘अडचण आल्यास या क्रमांकावर फोन करा.’ तिने माझ्याकडे बघितलं आणि कानाशी पाचही बोटं झटकली. दुभाषीबाईंना सांगावं लागलं नाही.

६. पाच माणसं पुरतात, पण कुठली पाच?

याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं की पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी सापडतात. आमच्या धंद्यात हे वेदवाक्य आहे, आणि बजेट वाचवायलाही सोयीचं. पण पाच अंध माणसं कर्णबधिरांबद्दल काही सांगत नाहीत. वीस वर्षं स्क्रीन रीडर वापरणारा माणूस मोडक्या पानातूनही वाट काढतो. पन्नाशीत दृष्टी गेलेला आणि सहा महिन्यांपूर्वी टॉकबॅक शिकलेला त्याच पानावर हरवतो. मी नवशिका आधी बोलावते. सराईत माणसं आमच्या चुका फार सांभाळून घेतात.

७. जिना.

अपंगांसाठीच्या चाचणीला व्हीलचेअर वापरणाऱ्या एका गृहस्थांना आम्ही तिसऱ्या मजल्यावर बोलावलं होतं. लिफ्ट होती. लिफ्टपर्यंत चार पायऱ्याही होत्या. ती चाचणी खाली वॉचमनच्या टेबलावर झाली. आता आधी जागा बघून येते, रिक्षाचं येण्याजाण्याचं भाडं वेगळं देते, सोबत येणाऱ्याचंही, आणि मानधन सगळ्यांना सारखं. ‘समाजकार्य आहे, ते फुकट येतील’ असं एका क्लायंटने म्हटलं होतं. ते काम मी घेतलं नाही. त्या महिन्यात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही घेतलं.

८. ‘छान आहे’ला काही किंमत नाही.

आपली माणसं भिडस्त. चहा प्यायले, मानधन घेतलं, आता वाईट कसं बोलणार? वीस मिनिटं धडपडूनही ‘छान आहे हो वेबसाइट, मलाच जमत नाही’ म्हणतात. हे ‘मलाच’ मी लाल पेनाने लिहून ठेवते. तो शब्द जिथे येतो, तिथे पानात हमखास काहीतरी मोडलेलं असतं. त्यामुळे ‘कशी वाटली?’ हा प्रश्नच बंद केला. आता विचारते, “हे तुमच्या भावाला करायचं असेल तर त्याला आधी काय सांगाल?” भावाला माणूस खरं सांगतो. “सांगेन, याच्या नादी लागू नकोस.”

९. अहवालापेक्षा खुर्ची द्या.

मी चौसष्ट पानी अहवाल लिहिले आहेत. विषयसूचीसकट. ते कुणी वाचले नाहीत. मग एकदा एका डेव्हलपरला चाचणीच्या खोलीत नुसतं बसवलं. कोपऱ्यात, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. समोर हाताला कंप असल्यामुळे माउस न धरता येणाऱ्या बाई होत्या. त्या टॅब दाबत होत्या आणि आपण पानावर कुठे आहोत ते त्यांना कळत नव्हतं, कारण निवडलेल्या गोष्टीभोवती येणारी ती निळी चौकट ‘घाण दिसते’ म्हणून याच पठ्ठ्याने काढली होती. तो कानापर्यंत लाल झाला. चहा यायच्या आत लॅपटॉप उघडून चौकट परत आणली. माझ्या अहवालात ती एकोणिसाव्या पानावर दोन वर्षं होती.

१०. जादूचं बटन नसतं.

पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र असलेलं एक बटन चिकटवायचं, की वेबसाइट सर्वांसाठी खुली झाली, असं विकणारे पुष्कळ आहेत. अशा एका कंपनीला, तिने केलेल्या अशाच दाव्यांवरून, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. माझ्याकडच्या एका अंध वकिलांनी तसं बटन दाबून बघितलं आणि ते पान बोलायला लागलं. त्यांचा स्वतःचा स्क्रीन रीडर आधीच बोलत होता. दोघंही एकाच वेळी. “घरात पाहुणा आला आणि माझ्याच वतीने दार उघडायला लागला,” म्हणाले.

११. कायद्याने दार उघडलं तरी चालेल.

पूर्वी मी क्लायंटला माणुसकीच्या गोष्टी सांगायचे. आता निकाल सांगते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान मानकं बंधनकारक करा. ३० एप्रिल २०२५च्या निकालात तर डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया न्यायालयात गेल्या होत्या. केवायसीचा कॅमेरा त्यांना ‘डोळ्यांची उघडझाप करा’ म्हणत होता आणि जळालेल्या पापण्यांना ती करता येत नव्हती. हे सांगितलं की बैठकीतल्या लोकांचे फोन खाली ठेवले जातात. भीतीने म्हणा, लाजेने म्हणा.

१२. दुसरी वायर.

साताऱ्याकडच्या एक बाई आल्या होत्या, पंचावन्नच्या आसपास. दृष्टी हळूहळू गेलेली. बँकेचं, गॅसचं, सगळं पुतण्या बघायचा. पुतण्या चांगला, त्याबद्दल तक्रार नाही. त्यांना एका नमुना वेबसाइटवर खातं उघडायचं होतं. माझ्या कानात दुसरा हेडफोन होता, कॅमेरा सुरू होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, सावकाश पण बिनचूक झालं. पासवर्डच्या रकान्यावर त्या आल्या आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

अडल्या असं समजून मी वहीत वेळ लिहिली. एक मिनिट. दीड.

“ताई,” त्या म्हणाल्या, “ती तुमची वायर काढता का जरा? आणि तो कॅमेरा?”

मी वायर काढली, कॅमेरा बंद केला आणि न विचारताच खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. काचेतून दिसत होतं. एका हाताने रकाना झाकून, अगदी पडदा दिसत असल्यासारख्या, त्या एकेक कळ शोधत होत्या.

रेकॉर्डिंगमध्ये तिथे पावणेचार मिनिटं काहीच नाही. क्लायंटने विचारलं, इथे काय बिघडलं होतं?